मूळ थीमला हात न लावता

केंद्र सरकारने २४ फेब्रुवारी २०२३ रोजी उस्मानाबाद शहराचे नाव धाराशिव करण्यास मंजुरी दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्याच्या अधिसूचनेने जिल्ह्याला आणि तालुक्यालाही तेच नाव लागले, आणि ८ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या निर्णयाविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. पाट्या, शिक्के आणि लेटरहेड बदलण्याचे काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झाले. एक काम मात्र कुणाला फारसे दिसले नाही. जिल्ह्यातल्या ज्या शाळा-महाविद्यालयांची, पतसंस्थांची, शेतकरी उत्पादक कंपन्यांची आणि स्थानिक बातम्या देणाऱ्या पोर्टलची स्वतःची संकेतस्थळे आहेत, त्यांना आपल्या संकेतस्थळावर जुने नाव नेमके कुठे कुठे आहे हे शोधावे लागले. वरच्या पट्टीत, मेनूत, लोगोत, तळाच्या पत्त्यात, संपर्काच्या पानावर, जुन्या बातम्यांत. ज्यांना ते लगेच सांगता येते, त्यांच्यासाठी हे किरकोळ काम आहे. ज्यांना सांगता येत नाही, त्यांचे दुखणे नामांतराच्या आधीपासूनचे आहे. संकेतस्थळाच्या सजावटीत केलेले बदल चुकीच्या जागी करून ठेवलेले असतात, त्यामुळे पुढचे कोणतेही बदल करायची धास्ती वाटते, आणि त्या धास्तीपोटी संकेतस्थळ वर्षानुवर्षे अपडेटच होत नाही. ही धास्ती टाळता येण्यासारखी आहे आणि ती टाळण्याचा मार्ग अवघड नाही, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

आधी रचना समजून घेऊ. अशी बहुतेक संकेतस्थळे वर्डप्रेस या मोफत प्रणालीवर चालतात. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी ती पहिल्यांदा प्रसिद्ध केली, आणि आज जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांच्या मागे ती आहे. होस्टिंग कंपनीकडून जागा भाड्याने घ्यायची, डोमेन विकत घ्यायचे आणि वर्डप्रेस तिथे बसवायचे. मग ते संकेतस्थळ आपले असते आणि त्याची निगाही आपल्याकडेच येते. त्यात तीन थर असतात. पहिला, वर्डप्रेसचा स्वतःचा गाभा. दुसरा, डेटाबेस: लेख, पाने, छायाचित्रांच्या नोंदी, मेनू आणि सेटिंग्ज. तिसरा, थीम: म्हणजे हा मजकूर पडद्यावर कोणत्या मांडणीत, कोणत्या रंगात आणि अक्षरात दिसेल हे ठरवणाऱ्या फाइलींचा फोल्डर. फेब्रुवारी २००५ मध्ये आलेल्या १.५ या आवृत्तीपासून थीम गाभ्यापासून वेगळी झाली. तुळजापूरला शारदीय नवरात्रात मूर्ती तीच असते आणि रथ, मुरली, शेषशाही, भवानी तलवार असे अलंकार वेगवेगळ्या दिवशी मांडले जातात. थीमचे मजकुराशी असलेले नाते तसेच असायला हवे. अलंकार उतरवताना मूर्तीला धक्का लागत नाही.

प्रत्यक्षात काय होते? संकेतस्थळ बनवून देणारा एखादी तयार थीम घेतो. तिच्यात संस्थेचे नाव, पत्ता आणि फोन नंबर टाकायचा असतो, जाहिरातीची चौकट बसवायची असते, मराठी फॉन्ट लावायचा असतो. यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी सेटिंग्जमध्ये जागा असते, पण ती शोधण्यापेक्षा थीमची फाइल उघडून तिथेच ‘उस्मानाबाद’ टंकणे सोपे वाटते. काम झटपट होते, पैसे मिळतात. पुढे थीमचा निर्माता नवी आवृत्ती काढतो आणि डॅशबोर्डवर अपडेटची सूचना येते. थीम अपडेट होते तेव्हा जुना फोल्डर संपूर्ण पुसला जाऊन त्या जागी नवा येतो. जुन्या आणि नव्या फाइलींची जुळवाजुळव होत नाही. हाताने केलेले सगळे बदल त्यासोबत जातात: नाव, पत्ता, चौकट, फॉन्ट. एकदा असे झाले की संस्थेत एक अलिखित नियम तयार होतो, ‘अपडेटचे बटण दाबायचे नाही.’ हा नियम सावधपणाचा वाटतो, पण तो संकेतस्थळाला सर्वांत जास्त उघडे पाडतो.

नामांतराच्या निमित्ताने याच चुकीचे दुसरे रूपही पुढे येते, आणि ते देवनागरीत लिहिणाऱ्यांनी विशेष ओळखून ठेवावे असे आहे. फाइलींत हात घालायला नको म्हणून कुणी थेट डेटाबेसमध्ये जाऊन ‘उस्मानाबाद’ शोधून सर्वत्र ‘धाराशिव’ करण्याची आज्ञा देतो. लेखांच्या मजकुरात ते निभावून जाते. पण थीमची सेटिंग्ज आणि विजेट (पानाच्या बाजूला किंवा तळाला बसवायच्या छोट्या चौकटी) वर्डप्रेस एका खास बांधणीत साठवते. त्यात प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी बाइटमध्ये लिहिलेली असते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की हलन्त, युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-आठ पद्धतीत तीन बाइट घेते. ‘उस्मानाबाद’ची चिन्हे दहा, म्हणजे ३० बाइट. ‘धाराशिव’ची सात, म्हणजे २१. शब्द बदलला, पण आधीचा ३० हा आकडा तसाच राहिला, की वर्डप्रेसला ती नोंद वाचता येत नाही. ती रिकामी आहे असे समजून थीम आपल्या मूळ रूपात उभी राहते. लोगो, मेनूची जागा, रंग, सगळे गायब. गंमत अशी की रोमन लिपीत लिहिलेली ही दोन्ही नावे प्रत्येकी नऊच अक्षरांची आहेत, त्यामुळे इंग्रजी संकेतस्थळावर तीच आज्ञा विनातक्रार चालते. इंग्रजीत तपासून बिनधोक ठरलेला उपाय मराठीत घात करतो तो असा. यावर साधने आहेत: वर्डप्रेसच्या कमांड लाइनवरची शोध-बदल सुविधा किंवा त्याच कामाचे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायची पूरक सुविधा) लांबीचा आकडाही दुरुस्त करतात. पण नाव मुळात संकेतस्थळाच्या शीर्षकाच्या सेटिंगमध्ये एकाच जागी ठेवले असते आणि थीम ते तिथून उचलत असती, तर यातले काहीच करावे लागले नसते.

आता अपडेट न करण्याची किंमत. २०११ च्या ऑगस्टमध्ये टिमथम्ब नावाच्या एका छोट्या फाइलमधला दोष उघड झाला. छायाचित्रांचा आकार कमी करणारी ही फाइल अनेक थीममध्ये आयती घातलेली असे. ती ठरावीक विश्वासू संकेतस्थळांवरून चित्रे आणू देई, पण विश्वासू नाव पत्त्यात कुठेतरी आले आहे का एवढेच पाही. त्यामुळे त्या नावाला आपल्या डोमेनची शेपटी जोडून कुणीही चित्राऐवजी घातक कोड आत सोडू शकत होते. दुरुस्ती लवकर निघाली, पण ती मिळवण्यासाठी थीम अपडेट करणे भाग होते. डिसेंबर २०१४ मध्ये पुन्हा तेच घडले. स्लायडर रेव्होल्यूशन हे सरकत्या चित्रांचे प्लगइन अनेक विकतच्या थीमसोबत जोडून येत असे. त्यातल्या छिद्राची दुरुस्ती आधीच निघालेली होती, तरी थीमच्या पोटात जुनी प्रत तशीच राहिली. सोकसोक या नावाने ओळखल्या गेलेल्या हल्ल्यात गुगलने ११ हजारांहून अधिक डोमेन धोक्याच्या यादीत टाकली. दोन्ही वेळा दोष वर्डप्रेसच्या गाभ्यात नव्हता. तो थीमसोबत घरात आला होता आणि अपडेट बंद असल्यामुळे घरातच राहिला.

‘नल्ड’ थीम हा याच्याही पुढचा प्रकार. विकतच्या थीमची परवान्याची कुलूपे तोडून त्या फुकट वाटल्या जातात, आणि पैसे वाचवायचे म्हणून संस्थेला कल्पना न देता त्या बसवल्याही जातात. डब्ल्यूपी-व्हीसीडी हा घातक कोड प्रामुख्याने अशाच थीम आणि प्लगइनमधून पसरला. तो एका थीममध्ये आला की त्याच होस्टिंगवरच्या बाकीच्या संकेतस्थळांतही शिरतो. अशा थीमला निर्मात्याकडून अधिकृत अपडेट कधीच मिळत नाही. ग्राहकाने बिल चुकते करताना एवढे तरी विचारावे, की थीम कोणती आहे, कुठून घेतली आणि तिचा परवाना कुणाच्या नावावर आहे.

‘चालू आहे ते चालू द्या, कशाला छेडायचे?’ हा आक्षेप समजण्यासारखा आहे. अपडेटमुळे संकेतस्थळे खरोखर मोडतात. तो अनुभव खोटा नाही. पण न छेडलेले संकेतस्थळही जागच्या जागी राहत नाही, कारण त्याच्या खालची जमीन हलत असते. वर्डप्रेस पीएचपी या भाषेत लिहिलेले आहे. पीएचपीच्या ७.४ या आवृत्तीला मिळणारी सुरक्षा-दुरुस्ती २८ नोव्हेंबर २०२२ रोजी थांबली, आणि होस्टिंग कंपन्यांनी सर्व्हर ८ च्या मालिकेवर न्यायला सुरुवात केली. पीएचपी ८ मधून ‘क्रिएट फंक्शन’ नावाची एक जुनी सोय काढून टाकलेली आहे, आणि २०१० च्या आसपासच्या कितीतरी थीम विजेट नोंदवण्यासाठी तीच वापरत. संस्थेने काहीही न करता, एका सकाळी संकेतस्थळाच्या जागी पांढरे पान किंवा गंभीर त्रुटीचा संदेश दिसतो. त्या वेळी थीमची नवी आवृत्ती घेतली तर हाताने केलेले बदल जातात, आणि न घेतली तर संकेतस्थळ उघडत नाही. अपडेट पुढे ढकलल्याने मोडतोड टळत नाही. ती कधी होणार हे ठरवण्याचा अधिकार फक्त आपल्या हातून जातो.

यावरचा उपाय वर्डप्रेसमध्ये फार पूर्वीपासून आहे: चाइल्ड थीम. मूळ थीमच्या शेजारी आपला एक वेगळा छोटा फोल्डर करायचा. त्यात ‘स्टाइल डॉट सीएसएस’ ही सजावटीचे नियम असलेली फाइल ठेवायची आणि तिच्या डोक्यावरच्या माहितीत ‘टेम्प्लेट’ या शब्दापुढे मूळ थीमच्या फोल्डरचे नाव लिहायचे. चालू थीम म्हणून हा छोटा फोल्डर निवडला की वर्डप्रेस प्रत्येक मांडणीची फाइल आधी त्यात शोधते. नसेल तर मूळ थीममधून घेते. तळपट्टी बदलायची आहे? फक्त तळपट्टीची फाइल आपल्या फोल्डरात उतरवून घ्यायची आणि तिथे बदल करायचे. ‘फंक्शन्स डॉट पीएचपी’ ही फाइल मात्र या नियमाला अपवाद आहे. तिथे दोन्ही फाइली वाचल्या जातात आणि आपली आधी, म्हणून मूळ फाइलची नक्कल न करता फक्त आपली भर घालायची. मूळ थीम कितीही वेळा पुसली आणि नव्याने आली तरी आपल्या फोल्डरला स्पर्श होत नाही. ऑगस्ट २०२० मधल्या ५.५ या आवृत्तीपासून थीमचे अपडेट आपोआप होऊ देण्याची सोयही डॅशबोर्डवरच आहे. चाइल्ड थीम असेल तर ही सोय निर्धास्त चालू ठेवता येते.

मग कुणी म्हणेल, बदल करूच नयेत. जशी थीम आहे तशी वापरावी. इंग्रजी संकेतस्थळाला हा सल्ला पुष्कळदा पुरतो, मराठीला पुरत नाही. थीमचे बहुसंख्य निर्माते रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून मापे ठरवतात. मथळे देखणे दिसावेत म्हणून अक्षरांमध्ये थोडी मोकळी जागा सोडण्याची त्यांना आवड असते. तीच मोजमापे देवनागरीला लागली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे सुटे तुकडे दिसतात. ओळींमधले अंतर रोमनच्या हिशोबाने कमी ठेवलेले असते, म्हणून वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींना भिडतात. तिरकी अक्षरे देवनागरीच्या घडणीतली नाहीत; ब्राउझर सरळ अक्षरेच ओढूनताणून वाकवतो आणि ती वाचायला त्रास होतो. थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल, तर प्रत्येक फोन आपल्याकडचे मिळेल ते अक्षर लावतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला ‘मुक्ता’ किंवा राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ यांसारखे चांगले मोफत फॉन्ट असताना वाचकाला हे सोसायला लावण्याचे कारण नाही. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दातला ऱ्य नीट उमटतो का, ‘ॲप’ मधला ॲ चौकोन होऊन तर येत नाही ना, हे फॉन्ट निवडताना पाहायलाच हवे. शिवाय काही थीममध्ये पानाची भाषा इंग्रजी असल्याचे कोडमध्येच लिहून ठेवलेले असते. पानाची भाषा मराठी आहे असे ब्राउझरला कळले, तर सोय असलेला फॉन्ट ल आणि श यांची मराठी वळणे देतो, आणि अंध वाचकांसाठी पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर योग्य आवाज निवडते. हे सगळे दुरुस्त करायला चाइल्ड थीममध्ये सीएसएसच्या आठ-दहा ओळी आणि एखाद-दुसरी फाइल पुरते. मराठी वाचकाचा मान राखायचा तर या ओळी लिहाव्याच लागतील, आणि लिहायच्याच तर त्या टिकतील अशा जागी लिहाव्यात.

चाइल्ड थीमचीही मर्यादा आहे. उतरवून घेतलेली फाइल म्हणजे त्या दिवसाची नक्कल; मूळ थीमच्या निर्मात्याने पुढे त्याच फाइलमध्ये दोष दुरुस्त केला तर तो आपल्या नकलेत येत नाही. म्हणून फाइली शक्य तितक्या कमी उतरवाव्यात आणि जे सेटिंग किंवा सीएसएसने होते ते तिथेच करावे. दुसरी अडचण पहिल्याच दिवशी येते. रंग, लोगो, मेनूच्या जागा ही सेटिंग्ज वर्डप्रेस थीमच्या फोल्डरच्या नावाने साठवते. मूळ थीमवरून चाइल्ड थीमवर गेले की त्यांतली बरीच नव्याने भरावी लागतात. अनेक जण या टप्प्यावर घाबरून परत फिरतात. जुनी सेटिंग्ज पुसलेली नसतात, फक्त दुसऱ्या नावाखाली पडून असतात. जानेवारी २०२२ मध्ये ५.९ या आवृत्तीसोबत ब्लॉक थीम आल्या. त्यांत मांडणी डॅशबोर्डवरच बदलता येते आणि बदल डेटाबेसमध्ये जातात, म्हणून अपडेटने ते पुसले जात नाहीत. यामुळे चाइल्ड थीमची गरज संपली असे काही जाणकार म्हणतात, आणि साध्या संकेतस्थळापुरते ते पटण्यासारखे आहे. पण बदललेला साचा डेटाबेसमध्ये गेला की निर्मात्याच्या त्या साच्यातल्या सुधारणा तिथे पोहोचत नाहीत, आणि थीमच बदलली तर ते बदल जुन्या थीमला बांधलेले राहतात. तंत्र नवे झाले तरी आपले काय आणि निर्मात्याचे काय हे ओळखून ठेवण्याची जबाबदारी आपल्यावरच उरते.

परंड्याच्या किंवा लोहाऱ्याच्या छोट्या संस्थेने यासाठी तंत्रज्ञ कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. फेसबुकचे पान काढले की भागते, असेही सुचवले जाते. रोजच्या सूचनांसाठी भागतेही. पण त्या पानाची मांडणी, त्याचा शोध आणि त्याचे आयुष्य दुसऱ्याच्या हाती असते. संस्थेचा दहा वर्षांचा दस्तऐवज तिथे ठेवणे मला योग्य वाटत नाही. खर्चाच्या प्रश्नाला उत्तर देणारे एक उदाहरण सरकारी पातळीवर आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने एस-थ्री-वास या नावाची सामायिक व्यवस्था उभी केली आणि देशातल्या असंख्य जिल्हा प्रशासनांची संकेतस्थळे तिच्यावर आणली. तयार थीममधली एक जिल्ह्याने निवडायची, मजकूर आपला भरायचा, आणि सुरक्षेचा भार मध्यवर्ती यंत्रणेने उचलायचा. जिल्हा कार्यालयात कुणी थीमच्या कोडला हात लावत नाही, आणि म्हणूनच ही व्यवस्था एका जागेवरून सांभाळता येते. एकाच शिक्षण संस्थेच्या पाच-सहा शाळांना हेच छोट्या प्रमाणावर करता येईल: मूळ थीम एक, चाइल्ड थीम एक, प्रत्येक शाळेचे नाव आणि लोगो मात्र तिच्या सेटिंगमध्ये.

ज्यांच्या संकेतस्थळावर अजून जुने नाव रेंगाळते आहे त्यांनी कामाला लागण्याआधी फाइलींचा आणि डेटाबेसचा असा दोन्हींचा बॅकअप घ्यावा आणि तो होस्टिंगच्या बाहेर, स्वतःच्या संगणकावर ठेवावा. मग होस्टिंगवर संकेतस्थळाची दुसरी प्रत काढून सगळे प्रयोग तिथे करावेत. वापरात असलेल्या थीमची तीच आवृत्ती निर्मात्याकडून कोरी आणून दोन्ही फोल्डरांची तुलना केली की कुणी, कुठे, काय बदलले होते ते उघड होते. या तुलनेची मोफत साधने आहेत. सापडलेले बदल चाइल्ड थीममध्ये हलवायचे आणि मूळ थीम अद्ययावत करायची. सगळ्यात जास्त वेळ या तुलनेला लागतो, पण ती एकदाच करावी लागते.

नाव बदलताना हात कुठे आवरायचा हेही ठरवायला हवे. संस्थेचा आजचा पत्ता धाराशिव असावा. पण ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली उस्मानाबादला भरले, अशी त्या वेळची बातमी जशी आहे तशी राहावी. ती त्या दिवसाची नोंद आहे. पशुपालनाच्या पानावरची उस्मानाबादी शेळी ही याच नावाने मान्यता पावलेली जात आहे, आणि २०२४ च्या निवडणुकीतही लोकसभा मतदारसंघाचे अधिकृत नाव उस्मानाबादच होते. सरसकट शोध-बदलाला हा फरक कळत नाही. डोमेनमध्येच जुने नाव असेल आणि नवे घेतले असेल, तर जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमस्वरूपी वळण लावावे, आणि जुने डोमेन दरवर्षी नूतनीकरण करून आपल्याकडेच ठेवावे. वर्तमानपत्रांच्या जुन्या बातम्यांत, विद्यापीठाच्या यादीत, पालकांच्या फोनमध्ये तोच पत्ता साठवलेला आहे, आणि सुटलेले डोमेन विकत घेऊन त्यावर जुगाराची पाने चढवणारे लोक अशाच नावांची वाट पाहत असतात.